डिअरबॉर्नचे अरब आजी-आजोबा आणि डिमेन्शिया

डेट्रॉइटची_धनू (धागाकर्ती)

मंडळी, बऱ्याच दिवसांपासून हा विषय डोक्यात घोळतोय, कुणाला इंटरेस्ट असेल नसेल माहीत नाही पण लिहून टाकते. मी फिजिओथेरपिस्ट, होम हेल्थ करते म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. माझा एरिया डिअरबॉर्न आणि डिअरबॉर्न हाइट्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटला खेटून असलेलं हे फोर्डचं गाव आणि अमेरिकेतल्या अरबांची सगळ्यात दाट वस्ती. २०२० च्या जनगणनेत साधारण १ लाख १० हजार लोकसंख्येत निम्म्याहून जास्त लोकांनी आपलं मूळ मध्यपूर्वेतलं किंवा उत्तर आफ्रिकेतलं सांगितलं. लेबनीज (त्यातही दक्षिण लेबनॉनच्या बिंत ज्बैल ह्या एका गावचे कितीतरी), येमेनी, इराकी, पॅलेस्टिनी असे सगळे.

मला बोलावतात ते गुडघा बदलला, खुबा मोडला, पडले म्हणून. पण घरात गेल्यावर जे दिसतं ते वेगळंच असतं. एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय. एक हज्जे, म्हणजे इथे वयस्कर बायकांना मानाने हज्जे म्हणतात, हज झालेली असो नसो. फाइलमध्ये लिहिलेलं, मेमरी नॉर्मल, कुटुंबाची तक्रार नाही. मी गेले तर शेगडीची बटणंच जागेवर नाहीत, सुनेने काढून टॉवेलांच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेली आणि स्वयंपाक करताना एक एक काढून लावते. पुढच्या दाराला वरच्या बाजूला नवीन कडी. औषधं सुनेच्या खोलीत. आणि वॉकर कुठाय विचारलं तर हज्जे दर वेळी नव्याने आश्चर्य करणार, माझा वॉकर? मी मुलाला विचारलं आई विसरते का हो, तर म्हणाला वय झालं, अल्हम्दुलिल्ला (देवाची कृपा) छान आहे. म्हणजे आख्खं घर तिच्या विसरण्याभोवती फिरतंय आणि तरी डॉक्टरच्या कागदावर काहीच नाही!

तर मला प्रश्न पडला की ह्या लोकांत डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंश, अल्झायमर्स हा त्याचाच एक प्रकार) प्रमाण जास्त आहे का. शोधायला गेले तर आकडाच मिळेना. अल्झायमर्स असोसिएशन दर वर्षी रिपोर्ट काढते, त्यात काळ्या वृद्धांना गोऱ्यांच्या साधारण दुप्पट, हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकन मुळाच्या) वृद्धांना साधारण दीडपट धोका असं दिलेलं असतं. अरब? ओळच नाही. कारण अमेरिकेच्या सरकारी कागदात अरब म्हणजे गोरे. १९१५ मध्ये जॉर्ज डाऊ नावाच्या सिरियन माणसाने कोर्टात भांडून नागरिकत्व मिळवलं, कारण तेव्हा 'गोरा' असल्याशिवाय मिळायचं नाही (आफ्रिकन वंशाच्यांचा अपवाद), आणि तेव्हापासून जे चिकटलं ते चिकटलंच. मार्च २०२४ मध्ये कुठे सरकारने मध्यपूर्व-उत्तर आफ्रिका असा वेगळा रकाना मान्य केला. म्हणजे आजवर डेथ सर्टिफिकेटपासून हॉस्पिटलच्या रजिस्टरपर्यंत हे सगळे आजी-आजोबा गोऱ्यांच्या आकड्यात विरघळून गेलेले.

इथे कुणी डॉक्टर, नर्स, सोशल वर्कर असतील तर जरा प्रकाश टाका.

---

चहाबाज_चिंतामणी

चांगला धागा. मी अबुधाबीत दहा-बारा वर्षं होतो त्यामुळे अरब लोकांशी संबंध आला, पण तिकडे म्हातारी माणसं घराबाहेर फार दिसतच नाहीत. एक शंका, राग मानू नका. त्यांच्यात चुलत-मामे भावंडांत लग्नं होतात, तर हे जीन्समुळे असेल का? इस्रायलमधल्या वादी आरा नावाच्या अरब वस्तीचा अभ्यास वाचल्याचं आठवतंय, खूप जास्त प्रमाण होतं तिथे.

---

डॉ_अंतू

@चिंतामणी, बरोबर आठवतंय. वादी आराचा अभ्यास २००१ च्या सुमाराचा, साठीच्या वरच्या दर पाचांत जवळपास एकाला अल्झायमर्स निघाला होता, जे खरोखर जास्त आहे. पण गंमत अशी की एपीओई-४ नावाचा जो जीन अल्झायमर्ससाठी सगळ्यात बदनाम आहे तो त्या वस्तीत फारच कमी सापडला. त्याने हा आकडा समजावून सांगता येईना. दुसरे काही जीन्स असतील, ती शक्यता उघडी आहे. पण जी गोष्ट ठळक दिसली ती म्हणजे निरक्षरता. शाळेत न गेलेल्यांत, म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्या बायकांत, प्रमाण फार जास्त. आणि ती एक बंदिस्त वस्ती आहे, तिच्यावरून लेबनॉन, येमेन, इराक अशा तीन दिशांनी आलेल्या लोकांबद्दल बोलणं म्हणजे चंदगडवरून चंद्रपूरचा अंदाज बांधणं.

मी जेरियाट्रिक्समध्ये, म्हणजे वृद्धांच्या आजारांचा डॉक्टर आहे (मिशिगनमध्ये नाही). माझं मत विचाराल तर 'अरब' हा रिस्क फॅक्टर नाहीये. रिस्क फॅक्टर आहेत ते त्या माणसाच्या आयुष्यात घडलेल्या गोष्टी. लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ कमिशनने २०२४ मध्ये १४ गोष्टींची यादी दिली ज्या बदलता येतात, आणि त्या सगळ्या सांभाळल्या तर जगातला जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो असा त्यांचा हिशोब आहे. आता त्या यादीवरून बोट फिरवत जा आणि धनूच्या पेशंटकडे बघा. लहानपणी शाळा कमी. डायबेटिस. बीपी. सिगरेट, आणि त्यात अर्गिले म्हणजे हुक्का, तो निरुपद्रवी असतो असा समज. वजन. हालचाल कमी. डिप्रेशन. एकटेपणा. कमी ऐकू येणं. हवेचं प्रदूषण. यादीतलं दारू सोडून बरंचसं सगळं लागू.

डायबेटिसबद्दल खास सांगतो कारण त्यावर डिअरबॉर्नमध्येच अभ्यास झालाय, २००३ मध्ये छापून आला, वेन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या लिंडा जाबेर ह्यांचा. २० ते ७५ वयाच्या अरबांत डायबेटिसचं प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास. चाळिशी-पन्नाशीत शुगर आणि बीपी बेफिकीर सोडलं की त्याचं बिल सत्तरीत मेंदू भरतो. रक्तवाहिन्यांमुळे होणारा डिमेन्शिया आणि अल्झायमर्स हातात हात घालून येतात, पुस्तकात असतात तसे वेगळे वेगळे येत नाहीत.

---

खवचट_खंडू

सगळं ठीक आहे पण मराठी फोरमवर अरबांचा डिमेन्शिया? आपल्या म्हाताऱ्यांचं काय कमी आहे का? साठी बुद्धी नाठी हे आपल्याकडे पूर्वीपासून म्हणतातच की. वयाची गोष्ट आहे, उगाच सगळ्याला आजाराचं नाव द्यायचं आणि गोळ्या विकायच्या.

---

डेट्रॉइटची_धनू

@खंडू, माझा धागा आहे, माझे पेशंट आहेत, मी त्यांच्याबद्दल लिहिणार. आणि साठी बुद्धी नाठी म्हणून सोडून दिलं की काय होतं ते सांगते. माझ्याच एका पेशंटचं विसरणं निम्मं बी-१२ मुळे होतं. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) घेतलं की बी-१२ उतरतं, कुणी तपासलंच नव्हतं कारण सगळे म्हणत होते वय झालं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर माणूस बराच वर आला. थायरॉइड, डिप्रेशन, झोपेच्या गोळ्या, ऍलर्जीच्या गोळ्या, ह्या सगळ्यांनी माणूस विसराळू होतो आणि हे सगळं दुरुस्त होऊ शकतं. (अवांतर: शाकाहारी मंडळींनी बी-१२ बघून घ्या.)

@डॉ अंतू, एकदम पटलं. ऐकण्याबद्दल थोडं माझ्याकडून. फोर्डच्या रूज प्लांटमध्ये किंवा आसपासच्या फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) पंचवीस-तीस वर्षं काढलेले येमेनी आजोबा बघितलेत, कान पार गेलेले. ते एकटे आले होते तरुणपणी, पैसे गावी पाठवायचे, बायका-मुलं खूप नंतर आली. आता घरात नातवंडं इंग्रजीत बोलतात, मुलं अर्धी-अर्धी, आणि आजोबा कोपऱ्यात मान हलवत बसतात. ऐकू येत नाही म्हणून की समजत नाही म्हणून की भाषा येत नाही म्हणून, हे घरच्यांनाही सांगता येत नाही. राहतात तो डिअरबॉर्नचा साउथ एंड म्हणजे कारखान्यांच्या सावलीतच, धुराबद्दल तिथले लोक पिढ्यान् पिढ्या ओरडतायत.

---

सिडनीची_सरू

मी वेस्टर्न सिडनीत मेमरी क्लिनिकमध्ये नर्स आहे, आमच्याकडे बँक्सटाउन-लाकेम्बा भागातले लेबनीज, इराकी पेशंट खूप. धनू, तुझं शेगडीच्या बटणांचं वाचून हसू आणि रडू दोन्ही आलं, आमच्याकडे एका घरात मायक्रोवेव्हचा प्लगच कापलेला होता.

मला टेस्टबद्दल बोलायचंय. तुमच्याकडे मोका टेस्ट (स्मरणशक्ती-विचारशक्तीची तीस मार्कांची चाचणी) करतात ना सरसकट? त्यात पहिल्याच पानावर आकडे आणि अक्षरं एकाआड एक जोडायची रेघ, मग घन काढायचा, मग घड्याळ काढायचं, मग शंभरातून सात सात वजा करत जायचं. बारा वर्षं किंवा कमी शिकलेल्यांना एक मार्क वाढवून देतात. एक! आता येमेनच्या डोंगरातल्या गावात वाढलेली बाई, जिने आयुष्यात पेन्सिल धरली नाही, तिला तू घन काढ म्हणालीस तर ती काय काढणार. तिला तीसपैकी बारा पडतात आणि डिमेन्शियाचा शिक्का बसतो. ह्याच्या उलटंही होतं, बगदादचे रिटायर्ड इंजिनियर, डोकं खरोखर घसरतंय पण टेस्टमध्ये सत्तावीस, त्यांना म्हणतात तुम्ही ठणठणीत. (त्यात प्राणी ओळखायचे तीन, सिंह, गेंडा आणि उंट. उंट कुणी चुकत नाही आमच्याकडे.) मोकाची अरबी आवृत्ती आहे, कमी शिकलेल्यांसाठी वेगळी मोका-बेसिकही आहे, पण ती मुद्दाम काढून वापरावी लागते.

इथे सिडनीतच २००४ मध्ये रुडास नावाची टेस्ट तयार झाली, मुद्दाम वेगवेगळ्या देशांतून आलेल्या लोकांसाठी. त्यात लिहायला-वाचायला लागत नाही. सुरुवातीला सांगतो की तुम्ही दुकानात चाललायत, चहा, खायचं तेल, अंडी, साबण एवढं आणायचंय, लक्षात ठेवा. मग मध्ये तुमचा उजवा पाय दाखवा, माझी उजवी कोपर दाखवा, मूठ-तळवा असं आळीपाळीने करा, सिग्नल नसलेला वाहता रस्ता कसा ओलांडाल सांगा. आणि मग विचारायचं, हं, दुकानातून काय आणायचं होतं? शेवटी मिनिटभरात जमतील तेवढ्या प्राण्यांची नावं. घन त्यातही आहे, पण बाकी बरंच रोजच्या जगण्यातलं. तीसपैकी बावीस किंवा खाली आले तर पुढची तपासणी. लेबनॉनमध्ये अरबी रुडास तपासून बघितलीय, चांगली चालते. तर धनू, तुमच्या डॉक्टरांना सांग की एवढं तरी करा.

चहा-तेल-अंडी-साबण मधलं साबण सगळे विसरतात हे माझं निरीक्षण, त्याला शास्त्रीय आधार नाही. :)

---

कोथरूडचा_कान्हा

वाचतोय. माहितीपूर्ण धागा. रुडास मराठीत आहे का?

---

डेट्रॉइटची_धनू

सरू, किती छान लिहिलंस! आता ह्यात दुभाष्याचा प्रकार मिसळ. फेडरल (केंद्र सरकारचे) पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलने दुभाषी फुकट द्यायचा हा कायदाच आहे, १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टपासूनचा. पण होतं काय, मुलगा सोबत असतो, डॉक्टरला घाई असते, मुलगा म्हणतो मीच सांगतो. डॉक्टर विचारतो आज वार कोणता. हज्जे म्हणते काहीतरी, मुलगा हळूच तिला अरबीत म्हणतो बुधवार ना आई, आणि डॉक्टरला सांगतो बुधवार. मुद्दाम फसवत नाही हो तो! आईची फजिती त्याला बघवत नाही. मी स्वतः बघितलंय, आणि मला अरबी येत नाही तरी कळलं, कारण आईने आधी त्याच्याकडे बघितलं आणि मग उत्तर आलं.

फोनवरच्या दुभाष्याचीही तऱ्हा आहे. येमेनी आजोबा आणि फोनवर मोरोक्कोचा माणूस, दोघं एकमेकांना दोन-दोनदा विचारतायत, आणि रिपोर्टमध्ये जातं की पेशंटला प्रश्न समजायला वेळ लागतो. काय बोलणार.

---

दापोलीची_शबाना

मी फार लिहीत नाही इथे, पण हा धागा वाचून राहवलं नाही. आम्ही कोकणी मुसलमान, मूळ दापोलीजवळचे, आता डिअरबॉर्नपासून वीस मिनिटांवर राहतो आणि जुम्म्याला, रमजानात फोर्ड रोडवरच्या मोठ्या मशिदीत किंवा दुसरीकडे जाणं होतं, त्यामुळे ह्या बायकांशी चांगली ओळख. भाषा निम्मी खुणांची पण खाणं आणि नातवंडं ह्या विषयावर सगळ्यांना सगळं समजतं.

दोन-तीन गोष्टी सांगते ज्या डॉक्टरांच्या यादीत नसतात. पहिली म्हणजे घरच्यांना सगळ्यात आधी कळतं ते नमाजात. जुहरच्या (दुपारच्या नमाजाच्या) चार रकात म्हणजे आवर्तनं असतात, मगरिबच्या (संध्याकाळच्या) तीन. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांच्या मगरिबच्या चार व्हायला लागल्या, मग पाच, मग सलाम फिरवून (म्हणजे नमाज संपवून) परत पहिल्यापासून सुरू. घरचे मागे उभे राहून मोठ्याने मोजायला लागले. हे डॉक्टरला सांगायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. धनूताई, तू घरात जातेस ना, तर विसरतात का असं विचारू नकोस, नमाजात गडबड होते का विचार. लगेच खरं उत्तर येईल.

दुसरी म्हणजे ह्याच्या उलट. ज्यांना मुलाचं नाव आठवत नाही ते कुराणातला सूरे यासीन अडखळल्याशिवाय म्हणतात. लहानपणी पाठ केलेलं खोल बसलेलं असतं. घरचे म्हणतात बघा, स्मरणशक्ती कशी आहे, आमच्या वडिलांना काही झालेलं नाही. माझ्या शेजारच्या एका आजी नागपूरच्या, त्यांचंही हरिपाठाचं अगदी असंच होतं.

तिसरी, रोजा. शुगरच्या गोळ्या-इन्सुलिन चालू, आणि आजोबा हट्टाने रोजा धरतात, किंवा मुख्य म्हणजे विसरतात की सहरीला (पहाटेच्या खाण्याला) गोळी घेतली, परत घेतात. साखर एकदम खाली गेली की गोंधळ, चक्कर, पडणं, आणि वारंवार झालं तर मेंदूलाही बरं नाही. दीनमध्ये (धर्मात) आजारी माणसाला सूट स्पष्ट आहे, पुढे बरं होण्याची आशा नसेल तर प्रत्येक रोजाच्या बदल्यात एका गरिबाला जेवण द्यायचं, आणि ज्याची समजच गेली त्याच्यावर फर्जच (धार्मिक कर्तव्यच) उरत नाही. पण हे डॉक्टरने सांगून उपयोग नाही, इमामसाहेबांनी सांगितलं की आजोबा ऐकतात. डॉक्टर लोकांनी रमजानच्या महिनाभर आधी औषधांच्या वेळा बसवून द्याव्यात.

आणि @चिंतामणी भाऊ, राग नाही आला, पण 'त्यांच्यात' म्हणताना जरा जपून. मामाच्या मुलीशी लग्न आपल्या देशावर-कोकणातही होतंच की.

---

चहाबाज_चिंतामणी

शबानाताई, मान्य. नमाजाचा मुद्दा जबरदस्त आहे.

---

खवचट_खंडू

मुद्दा मान्य की औषधांमुळेही विसरतात. पण एक विचारतो, ही मंडळी तर एकत्र कुटुंबात राहतात, पाच मुलं, वीस नातवंडं, मग एकटेपणा कुठून आला? एकटेपणा गोऱ्यांना, जे एकटे राहतात.

---

निशिगंध_ट्रॉय

हा प्रश्न चांगला विचारलात, आणि ह्याचं उत्तर आमच्या घरात आहे. माझे सासू-सासरे ग्रीन कार्डवर ट्रॉयला (हेही डेट्रॉइटजवळचं गाव) आले. घर भरलेलं आहे. पण सकाळी आठला सगळे गेले की पाचपर्यंत दोघं आणि टीव्ही. गाडी चालवता येत नाही, बस नाही, हिवाळ्यात फुटपाथवर बर्फ. सासरे सांगलीत रोज संध्याकाळी पारावर असायचे, सगळ्या गावाची खबर त्यांच्याकडे. इथे त्यांना कुणी काही विचारतच नाही, कारण इथलं त्यांना काहीच माहीत नाही. उशिरा आलेल्या अरब आई-वडिलांचं वेगळं काय असेल? डिअरबॉर्नमध्ये निदान अरबी दुकानं, मशीद चालत अंतरावर तरी असेल.

---

डेट्रॉइटची_धनू

निशिगंध, अगदी. आणि हे मी घराघरात बघते की डिअरबॉर्नमध्ये वाढत्या वयात आलेले आणि तरुणपणी आलेले ह्यांत फरक पडतो. तरुणपणी आलेल्यांनी काम केलं, इंग्रजी मोडकंतोडकं का होईना आलं, लायसन्स काढलं. उशिरा आलेल्यांचं सगळं मुलांच्या हातात. संशोधनातही अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्यांच्या तुलनेत बाहेर जन्मलेल्या अरब वृद्धांत विचार करणं, लक्षात ठेवणं ह्यात अडचण जास्त असल्याचं सरकारी सर्व्हेतून दिसलंय. ते सर्व्हे जन्माचा देश किंवा मूळ विचारतात म्हणून तेवढं तरी कळलं.

एकटेपणाबद्दल अजून एक गोष्ट, टीव्ही. २०२४ च्या शरद ऋतूत दक्षिण लेबनॉनवर बॉम्ब पडत होते तेव्हा मी ज्या ज्या घरात जायचे तिथे अरबी न्यूज चॅनल दिवसभर चालू. एक हज्जे, वर लिहिलेली नव्हे, टीव्हीवर धूर दिसला की उठायची आणि मुलांना तळघरात घेऊन चला म्हणायची. तिच्यासाठी ते १९८२ होतं की २००६ होतं देव जाणे, तिने हे सगळं आधी जगलंय. मुलं पन्नाशीची, कामाला गेलेली. नात बिचारी रिमोट लपवायची तर आजोबा ओरडायचे, कारण त्यांना भावाच्या गावाची बातमी हवी असायची. आता ह्या घरात चॅनल बंद करा असा सल्ला मी कोणत्या तोंडाने देऊ? शेवटी एवढंच जमलं की आजोबा बेडरूममध्ये हेडफोन लावून बघायचे आणि हॉलमध्ये स्वयंपाकाचे कार्यक्रम.

---

डॉ_अंतू

हे महत्त्वाचं आहे. पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर मनावर राहणारा आघात) असलेल्यांत पुढे डिमेन्शियाचा धोका जास्त दिसतो, अमेरिकन माजी सैनिकांच्या मोठ्या अभ्यासात जवळपास दुप्पट निघाला होता. इराक, लेबनॉन, सिरियातून आलेल्या साध्या नागरिकांनी सैनिकांपेक्षा कमी काही बघितलेलं नसतं, पण त्यांना पीटीएसडी आहे का हे कुणी विचारलेलंच नसतं. झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी लिहून देतात, मग ती गोळीच विसरायला लावते.

जाता जाता, मिशिगन युनिव्हर्सिटीत ह्याच विषयावर एक केंद्र आहे, मिशिगन सेंटर फॉर कॉन्टेक्स्चुअल फॅक्टर्स इन अल्झायमर्स डिसीज, २०१८ पासून, त्यांचा रोखच मेट्रो डेट्रॉइटचे अरब आणि लॅटिनो लोकांवर आहे. समाजशास्त्रज्ञ क्रिस्टीन अजरूश ह्यांनी अरब-अमेरिकन वृद्धांवर कितीतरी वर्षं काम केलंय, नातीगोती आणि तब्येत ह्या अंगाने. धनू, तुझ्या हाताशीच आहे, त्यांचे कम्युनिटीसाठी कार्यक्रमही होतात, गाठ त्यांना.

---

कँटनचा_बंड्या

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो, मी सोशल वर्कर आहे. लोकांना वाटतं पासष्टी झाली की मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा) सगळं बघेल. डिमेन्शियाच्या पेशंटला जे लागतं ते म्हणजे दिवसभर कुणीतरी सोबत, आंघोळ, जेवण, लक्ष. ह्याला मेडिकेअर पैसे देत नाही. मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) देतं. आणि कामाचे दहा वर्षांचे क्रेडिट्स नसलेल्या ग्रीन कार्डवाल्याला सलग पाच वर्षं राहिल्यावर मेडिकेअर विकत घेता येतं, त्याआधी तेही नाही. निशिगंध, तुमच्या घरी हे लागू होईल, बघून ठेवा.

आता कामाची गोष्ट. मिशिगनमध्ये मेडिकेडखाली होम हेल्प नावाचा प्रोग्रॅम आहे, त्यात घरातल्याच माणसाला काळजी घेण्याचे पैसे मिळतात. मुलगी, सून, नातू चालतात, नवरा-बायको चालत नाहीत. अरब कुटुंबं आईला नर्सिंग होमला ठेवणं नाक कापल्यासारखं मानतात, त्यात हलाल जेवण नाही, पुरुष नर्स आंघोळ घालणार, कोण ठेवेल? मग सून नोकरी सोडते आणि सगळं फुकट करते, वर तिचंच डिप्रेशन. तिला हे पैसे मिळू शकतात हे सांगणारा कुणी नसतो. ॲक्सेस ही संस्था १९७१ पासून डिअरबॉर्नमध्ये आहे, अरबी बोलणारा स्टाफ आहे, तिथे फॉर्म भरायला मदत मिळते.

दुसरं, नागरिकत्व. आजी विसरायला लागल्यात, सिटिझनशिपची परीक्षा कशी देणार? एन-६४८ नावाचा फॉर्म असतो, डॉक्टरने नीट भरला तर इंग्रजी आणि सिव्हिक्स (नागरिकशास्त्र) दोन्हीतून सूट मिळू शकते. नीट म्हणजे नीट, निदान काय, त्यामुळे नवीन गोष्ट शिकणं का शक्य नाही, असं सविस्तर. 'वय झालंय, विसरतात' एवढं लिहिलं की परत येतो. म्हणून @खंडू, आजाराला आजाराचं नाव द्यावं लागतं, नुसत्या गोळ्या विकायला नव्हे. निदान नाही तर होम हेल्प नाही, सूट नाही, काही नाही.

---

खवचट_खंडू

बरं बाबा. माझ्या आईची पण तपासणी करून घेतो, गेल्या वर्षापासून एकच गोष्ट पाचदा सांगते. पुण्यात आहे ती.

---

सिडनीची_सरू

खंडू, करून घ्याच. आणि आधी कान तपासा. मळ निघाला तरी निम्मा फरक पडतो कधी कधी.

---

डेट्रॉइटची_धनू

सगळ्यांचे खूप आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. अपडेट देते. शबानाचा नमाजाचा प्रश्न मी गेल्या आठवड्यात एका घरी विचारला. मुलीने लगेच आईकडे बघितलं, मग मला किचनमध्ये बोलावून घेतलं आणि पाऊण तास बोलत होती. डोळ्यात पाणी नाही काही नाही, नुसती यादी, हे विसरते, ते विसरते, दोनदा घराबाहेर निघून गेली, शेजारच्या येमेनी दुकानदाराने आणून सोडलं. मी नर्सला कळवलं, आता प्रायमरी डॉक्टरकडे अरबी दुभाष्यासकट वेळ घेतलीय. मेडिकेअर असेल तर वर्षातून एकदा जी वेलनेस व्हिजिट असते तिच्यात मेमरी बघणं धरलेलंच असतं, फक्त आठवण करून द्यावी लागते.

कानाच्या मशीनचं काय करायचं? साधं मेडिकेअर देत नाही ना? आजोबांसाठी विचारतेय, दुसऱ्या घरचे.

---

डॉ_अंतू

साधं मेडिकेअर देत नाही. ॲडव्हांटेज प्लॅन (खाजगी कंपनीमार्फतचं मेडिकेअर) असेल तर थोडंफार मिळतं, कार्ड बघ. नाहीतर ऑक्टोबर २०२२ पासून प्रिस्क्रिप्शनशिवाय दुकानात मिळतात, पण त्या सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी. फाउंड्रीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला बहुतेक पुरणार नाहीत, ऑडिऑलॉजिस्टकडे (ऐकण्याच्या तज्ज्ञाकडे) जावंच लागेल. कान सुधारल्याने डिमेन्शिया टळतो का ह्यावर २०२३ मध्ये मोठी ट्रायल आली, सगळ्यांचे मिळून आकडे बघितले तर फरक नाही दिसला, पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्या गटात तीन वर्षांत स्मरणशक्ती-विचारशक्तीची घसरण जवळजवळ निम्म्याने कमी झाली. तुझे आजोबा त्या दुसऱ्या गटातलेच वाटतात. बंड्याला विचार, कारखान्यातल्या आवाजामुळे कान गेले असतील तर वर्कर्स कॉम्पचं (कामामुळे झालेल्या इजेच्या भरपाईचं) काही निघतं का.

---

कँटनचा_बंड्या

मुदतीचा प्रश्न येईल, रिटायर होऊन किती वर्षं झाली त्यावर आहे. पण युनियनचं रिटायरी हेल्थ कव्हर असेल तर त्यात कानाच्या मशीनचा बेनिफिट असू शकतो, लोक विसरून जातात की आपल्याकडे ते कार्ड आहे. धनू, आजोबांच्या पाकिटात बघायला सांग मुलाला. मला व्यनि (खाजगी निरोप) कर, फोन नंबर देतो कुणाला विचारायचं त्याचा.